बाबांचे ओठ जुळेनात

पडद्यावर बाबांचं तोंड मिटलं आणि मग कुठे त्यांचा आवाज आला. धाकट्याने कपाळाला हात लावला. बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाची फिल्म संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना दाखवायची होती. लोकांच्या लग्नांच्या फिल्म्स जोडून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरच्याच फिल्ममध्ये आवाज मागे रेंगाळत होता.

शूटिंग साधंच होतं. बाबा अल्बममधला एकेक फोटो कॅमेऱ्यासमोर धरत आणि दोन शब्द बोलत. ते अवघडू नयेत म्हणून धाकटा फोन स्टँडवर लावून, शेजारी वेगळा माइक ठेवून बाहेर जाऊन बसला होता. त्यामुळे ते काय बोलले हे तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

बायको मागे येऊन उभी राहिली. बाबांनी मोठ्या मुलाचा फोटो धरला. "आवाज फार करतो. पण अजून चालतोय."

"भावजींना बरोबर ओळखलंय बाबांनी," बायको म्हणाली.

मग धाकट्याचा फोटो आला. "हा माझा आधार. हा होता म्हणून घर उभं राहिलं."

धाकट्याचे डोळे भरून आले. बाबांना दवाखान्यात नेणं-आणणं, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं तोच बघायचा. मोठा दोन वर्षांतून एकदा यायचा. पण चाळीस वर्षांत असं वाक्य धाकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढे बाबांनी जुन्या स्कूटरचा फोटो धरला. "हा कंप्युटरवर काहीतरी करतो. चालायचंच."

धाकट्याने फिल्म मागे नेली. प्रत्येक वाक्य एक फोटो उशिरा येत होतं. पहिलं वाक्य मोठ्याच्या आधी दाखवलेल्या जुन्या फ्रीजचं होतं, हे सांगायला कोणी नको होतं.

फोनने सेकंदाला कधी तीस फ्रेम्स टिपल्या होत्या, कधी अठ्ठावीस. कंप्युटरने सरसकट तीस धरल्या. चित्र पुढे पळालं, आवाज मागे राहिला. जुळवणं वीस मिनिटांचं काम होतं.

"स्कूटर तेवढी काढून टाक," बायको म्हणाली. "बाकी राहू दे असंच. कोणाला कळतंय?"

"ओठ जुळत नाहीत."

"न जुळू देत. तुला काय हवंय ते बघ की."

"लोक म्हणतील, ह्याचा धंदा हाच आणि साधा आवाज जमत नाही."

ती आत गेली. धाकट्याने सगळ्या फ्रेम्स एकसारख्या करून घेतल्या आणि 'आधार' स्वतःच्या हाताने, एका फ्रेमचाही फरक न ठेवता, मोठ्याच्या फोटोवर नेऊन बसवला.

संध्याकाळी मोठ्याने रुमाल काढला, आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. धाकट्याच्या फोटोला सगळे मनापासून हसले. धाकटाही हसला. दुसरं काय करणार?

फिल्म संपल्यावर बाबांनी त्याला जवळ बोलावलं.

"आवाज अगदी चोख जुळलाय रे. कुणाकडून करून घेतलंस?"

"आहे एक," धाकटा म्हणाला. "कंप्युटरवर काहीतरी करतो."