रंगनाथ बॅकची कानपिळी

आमची म्हैस घरी आणायची तर आधी रंगनाथ ओट्यावर बसलाय का, हे डोकावून बघावं लागायचं. बसलेला असला की संपलं. म्हैस गल्लीत वळली रे वळली, की हा पठ्ठ्या उठून आडवा. गुडघ्यात वाकलेला, हात पसरलेले, टाचा उचललेल्या. म्हैस डावीकडं सरकली की हा डावीकडं, उजवीकडं सरकली की हा उजवीकडं, आणि हे सगळं मागं मागं जात. "तोंडाकडं बघायचं न्हाई, तोंड फसवतं. पाय बघायचे," असं वर मलाच शिकवायचा. बिचारी म्हैस शेवटी गल्लीतच बसकण मारायची आणि त्या दिवशी पान्हा चोरायची. माझी बायको त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि बिनदुधाचा चहा मला प्यावा लागायचा.

रंगनाथ म्हणजे आमच्या कुंभार पिंपळगावातला एकमेव माणूस, जो फुटबॉल खेळून पोट भरून आल्ता. लहानपणी मामाकडं हैदराबादला गेला, तिथल्या मैदानात रमला आणि मिसरूड फुटल्यावर एका गिरणीनं त्याला उचलला. नाव कामगाराचं, काम बॉल अडवायचं. गिरणीचा साहेब बदलला तेव्हा हा एका सरकारी खात्यात गेला. खात्याचा संघ मोडला तेव्हा मुंबईला, मंग कलकत्त्याला. तिथं माशाच्या वासानं असा आजारी पडला की एका हंगामात परत. कुणाचा पाय मोडला की ह्याला बोलवायचे आणि त्याचा पाय जुळून आला की ह्याला निरोप द्यायचे. त्या फिरतीत लग्न करायचं राहूनच गेलं. शेवटी ह्याचाच गुडघा बोलायला लागला, तेव्हा एक ट्रंक आणि एक फाटका बॉल घेऊन तो माझ्या शेजारी, त्याच्या बापाच्या दोन खोल्यांत येऊन राह्यला.

गावाला त्याचं कौतुक करायचं होतं, पण कशाचं करावं कळेना. आमचं गाव कुस्ती आणि कबड्डीचं. पारावर कुणीतरी विचारलं, गोल किती केले? रंगनाथ सरळ म्हणाला, एक बी न्हाई, आपण बॅक, आपलं काम समोरच्याला पुढं जाऊ न देण्याचं. इतकी वर्सं खेळला आणि एक गोल न्हाई, मंग पगार कशाचा घेतला, असं सरपंचानं विचारलं. तेव्हा हा चाचरत म्हणाला की एक झाल्ता, पण आपल्याच जाळीत. सरपंच एकदम खूश. जाळी कुणाची का असंना, गोल तो गोल. पुढच्या पंधरवड्यात ग्रामपंचायतीनं त्या गोलाबद्दल त्याला शाल आणि नारळ दिला. भाषणं झाली. टाळ्या मीबी वाजवल्या, खोटं कशाला सांगू. रंगनाथ मात्र शाल अंगावर घेऊन मान खाली घालून उभा होता.

घरी येताना मी म्हटलं, अरे बाबा, एवढा मान दिला गावानं, जरा हसायचं तरी. तर तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "तो गोल गयाच्या लग्नाच्या दिवशी झाल्ता."

गया ही त्याची धाकटी बहीण, आष्टीला दिलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा हा नव्या संघात नुकताच लागलेला. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाला, जा, पण परत येऊ नको. हा राह्यला. मुहूर्त गोरज होता. मैदानावरचं ऊन उतरलं तसा हा मनातल्या मनात लग्नात जाऊन बसला. आता अंतरपाट धरला असंल, आता अक्षता पडल्या असतील. तेवढ्यात बॉल डोक्यावर आदळला आणि थेट आपल्याच जाळीत गेला. इकडं मांडवात कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं. चुलतभाऊ पुढं झाला, तर गया अडून बसली, माझा भाऊ आल्याबिगर कुणी कानाला हात लावायचा न्हाई. भाऊ आलाच न्हाई. कानपिळी राह्यली ती राह्यलीच, आणि पुढं गयानं त्याचं नाव टाकलं. राखी न्हाई, दिवाळीचा सांगावा न्हाई.

"लग्न बी गेलं, मॅच बी गेली," रंगनाथ म्हणाला. "आता एकदा दाजींचा कान पिळला की मंग तिच्या दारात जाईन. त्याच्या आधी कोणत्या तोंडानं जाऊ?"

शहाण्या माणसानं काय केलं असतं? गपगुमान बहिणीच्या घरी जाऊन माफी मागितली असती. ह्यानं आष्टीचा बाजार निवडला, आणि सोबतीला मला ओढलं. दाजी उंच आहेत, पांढरा फेटा बांधतात आणि बैलबाजारात हमखास असतात, एवढी त्याची माहिती. बैलांच्या गर्दीत तसा एक फेटा दिसला. हा दबकत मागून गेला आणि कान धरून असा कचकचून पिळला की फेटाच गळून पडला. ह्यानं आपल्या दाजींना जन्मात कधी बघितलेलंच न्हाई, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं. तो कान परतूरच्या एका व्यापाऱ्याचा होता.

त्या व्यापाऱ्यानं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत न्हाईत. माणसं गोळा झाली. रंगनाथ सवयीनं गुडघ्यात वाकला, हात पसरले आणि मागं मागं जायला लागला, त्यामुळं हा बिलकुल येडा आहे अशी सगळ्यांची खात्री पटली. दोघंतिघं काठ्या घेऊन पुढं झाले. शेवटी आणखी एक उंच, पांढऱ्या फेट्याचे गृहस्थ मधे पडले. त्यांनी व्यापाऱ्याला शांत केलं आणि ह्याला गाव, नाव विचारलं. ह्यानं सांगितलं. ते ऐकून गृहस्थ एवढंच म्हणाले, "चला घरी."

त्यांच्या मागं आम्ही दोघं गेलो. आता इथं बी मार बसतो का काय, ह्या काळजीत मी होतो. गयाबाई दारातच उभी होती. भाऊ दिसला तसा तिनं चौकटीवर आडवा हात ठेवला. रंगनाथ अंगणात थांबला. जन्मभर लोकांना अडवत आलेला माणूस, त्या बारीक हातापुढं त्याला एक पाऊल टाकवेना. मला त्याच्याकडं बघवेना, खरंच सांगतो.

दाजी बाजेवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. कानावरचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मान कलती केली आणि म्हणाले, "घ्या. लई दिवसांचा राह्यलाय."

रंगनाथ जवळ गेला, कान धरला. पण पिळायला होईना. दाजी म्हणाले, "पिळा की. तुमच्या बहिणीला नीट सांभाळलं का, ते विचारा." त्यानं विचारायला तोंड उघडलं आणि लहान लेकरागत रडायला लागला.

तशी गयाबाईनं चौकट सोडली. तरातरा अंगणात आली, भावाचाच कान धरला आणि असा पिळला की तो कमरेत वाकला.

"कुठं गेल्ता रे?" ती म्हणाली. "मांडवात मी तुझीच वाट बघून राह्यले होते."

कान तसाच धरून ती त्याला घरात घेऊन गेली. उंबऱ्यावर तो ठेचकाळला, तरी तिनं कान सोडला न्हाई.