गुढी उतरेपर्यंत

पाडव्याच्या सकाळी आम्ही गुढी उभारली, आणि पाऊण तासात समोरच्या माळावर एक युद्धनौका आणि तिच्या सहा बोटी येऊन थांबल्या.

आमचं गाव जत तालुक्यात आहे. समुद्र इथून एसटीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. पण जहाज खडकावर नीट उभं होतं, आणि पुढून फळी पडते तसल्या त्या चपट्या बोटी कापलेल्या ज्वारीच्या धसकटांत ओळीने थांबल्या होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या माहेरची हायत का गं?"

मी वेंगुर्ल्याची. लग्नाला दोन महिने झालेले. मी नाही म्हटलं.

"एवढ्या गावात दर्या तूच बघितलायस, म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या, आणि कडुनिंबाची चटणी सगळ्यांना देऊन मला सगळ्यात शेवटी दिली.

नऊच्या सुमारास बोटीतून एक खलाशी उतरून चालत आला. काखेत निशाणांचं पुस्तक होतं आणि बूट ओले होते. त्याने आपलं नाव परब असं सांगितलं.

"परब?" आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडं परब किती हायत?"

"आमच्या वाडीत अकरा घरं आहेत."

"बघ!"

परबांनी गुढी खालून वर वाचली. हिरवा खण, साखरेची गाठी, कडुनिंबाचा डहाळा, वर उपडा तांब्या. पुस्तकात पान चौदावर हे सगळं याच क्रमाने होतं. अर्थ असा, की 'किनाऱ्यावर एक माणूस तयार आहे, घेऊन जा.'

"गावात चाळीस गुढ्या आहेत," माझे यजमान म्हणाले. "आमचीच कशी वाचली?"

"एक आणखी वाचता आली. 'पिण्याचं पाणी संपलं आहे' असा अर्थ होता. पण तो हुकूम नाही, माहिती आहे."

मग त्यांनी पद्धत समजावली. निशाण वर गेलं की हुकूम वाचायचा, खाली आलं की पाळायचा. तोपर्यंत बोटी थांबतात. कोणाला न्यायचं ते निशाणात येत नाही. मात्र हुकूम एका माणसाचा असल्यामुळे रिकामी बोट परत जाऊ शकत नाही. एवढं सांगून ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "वयनी, तुमी खंयच्या?"

"वेंगुर्ल्याची," मी म्हटलं. आत्याबाईंनी ते ऐकून मान हलवली, कोडं सुटल्यासारखी.

दुपारी तलाठी बिरादार पंचनाम्याला आले. जहाजाची सातबाऱ्यावर नोंद नव्हती, म्हणून त्यांनी गुढीचीच करायचं ठरवलं. बांबू, मुलाने आणला. तांब्या, सासूने ठेवला. खण, सुनेच्या माहेरचा. तिथे त्यांनी पेन थांबवलं आणि 'माहेरचा' या शब्दाखाली रेघ ओढली.

यांनी मला गोठ्याच्या आडोशाला बोलावलं. "काल फोनवर कुणाशी बोलत होतीस?"

"आईशी."

"काय म्हणाली?"

"पहिला पाडवा आहे, गुढी लांबून दिसेल अशी उभारा म्हणाली."

यांनी मान वर करून गुढीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जायचंच असलं तर तसं सांगायचं."

मला जायचं नव्हतं. पण जायचं आहे का, असं सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगितलं की संशय अधिकच वाढतो. मी श्रीखंडाची वाटी घेऊन परबांना दिली. तेही कुणीतरी पाहून ठेवलं.

पाच वाजता गाव आमच्या अंगणात जमलं. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते, आणि उतरवली की बोटी येणार. यांनी बांबूला हात लावायला नकार दिला. शेजारचे सिदूमामा म्हणाले, "राहू दे की आजची रात."

"माझ्या घरची गुढी आजवर रातची भायेर ऱ्हायली न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"उतरवणाऱ्याचं नाव लिहावं लागेल," बिरादारांनी सांगितलं. मग अंगणात कुणीच हललं नाही. मी ओसरीच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसले होते.

सूर्य माळाला टेकला तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, आणि स्वतः बांबू उतरवला.

सहाही बोटी एकदम सुरू झाल्या. धसकटं मोडत आल्या, आणि पहिलीची फळी आमच्या गोठ्यापाशी धाडकन पडली. म्हैस दोन पावलं मागे सरकली.

"कोण?" परबांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून पदर सारखा केला.

"ही न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "दिसभर डोळ्यांत तेल घालून बघतीय मी. हिला जायचं असतं, तर एवढ्यात धा येळा हात लागला असता बांबूला. ही जागची हललीबी न्हाई."

"मग कोण? रिकामी बोट—"

"ठावं हाय. सरक जरा." त्यांनी लुगडं वर खोचलं आणि फळीवर पाय दिला.

"आई!" हे ओरडले.

"पाडवा हाय, वरडू नगंस. परत कवा सोडता?"

"पुढचा हुकूम वाचल्यावर," परब म्हणाले.

"म्हंजी पुढल्या पाडव्याला. ऱ्हाईन." फळी वर उचलली जात असताना त्या आतून म्हशीच्या पेंडीबद्दल काही सांगत होत्या.

जाण्यापूर्वी परबांनी माझ्या हातात तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक लांबट कापडी तुकडा आणि दोरी दिली. हे उत्तराचं निशाण. पूर्ण वर चढवलं तर 'कळलं'. अर्ध्यावर ठेवलं तर 'दिसलं, पण अजून कळलं नाही.' यांना त्यांनी दिव्याच्या उघडझापेचं एक छोटं पुस्तक दिलं.

जहाज माळावरच आहे. गावातल्या बायका अजून मला विहिरीवर बघून आवाज उतरवतात. रोज सकाळी सातला जहाजावरचा दिवा उघडझाप करू लागतो, आणि हे पुस्तक घेऊन अंगणात उभे राहून वाचून दाखवतात. म्हशीला पेंड भिजवून घालणे. बिरादाराला आत बसवू नये. आमटीत खोबरं घालण्याचं बंद झालं का, ते कळवणे.

मी दोरी ओढते, निशाण बरोबर अर्ध्यावर आणते आणि गाठ मारते.

"अडकलं का गं?" हे विचारतात.

"बघते हं," मी म्हणते.

माळावर दिवा थोडा वेळ थांबतो. मग तोच निरोप पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो, या वेळी जरा सावकाश.