गव्हाणीतली प्रलंबित नोंद

यंदा नाताळचा गोठा विकत आणायचा नाही, घरीच करायचा, हा ठराव सकाळच्या चहाला चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आजोबा तटस्थ राहिले. जन्मनोंदणीच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एकदम हो म्हणायची सवय नसते.

बाकीचे मात्र हौसेनं कामाला लागले. सुनेनं बुटांच्या खोक्याचा गोठा केला. मुलानं झाडूच्या काड्यांचं छप्पर घातलं आणि डिंकाच्या हातांनी घरातली प्रत्येक कडी धरली. आजीनं कपड्यांच्या लाकडी चिमट्यांना चिंध्या गुंडाळून मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि तीन राजे उभे केले. गाढव कणकेचं होतं. भाजताना ते इतकं फुगलं, की त्याला बैल म्हणायचं ठरलं. आणि सात वर्षांच्या नातीनं, जिला सगळे मुंगी म्हणत, आपल्या जुन्या पायमोज्यात कापूस भरून बाळ केलं. एक डोळा बटाट्याएवढा, दुसरा मोहरीएवढा. नाताळच्या सकाळी पाहुणे यायच्या आत ते आपल्या हातानं गव्हाणीत ठेवायचं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते ऐकणं महिनाभर घरात कुणाला चुकलं नव्हतं.

इतकी मंडळी घरात बिननोंदीची फिरतायत, हे आजोबांना बघवेना. त्यांनी दोनशे पानी वही आखली आणि नोंद झाल्याशिवाय गोठ्यात प्रवेश नाही, असं जाहीर केलं. योसेफ कायमच्या पत्त्याअभावी दोन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिला. राजांनी ‘पूर्वेकडून’ एवढाच पत्ता दिला, तो अपुरा ठरला. शेवटी आजीनं ‘कपाटावरचा चिमट्यांचा डबा’ असं सांगून त्यांना सोडवलं. तारा हद्दीबाहेर लटकत होता, सबब तो आपल्या अखत्यारीत येत नाही, असा शेरा पडला.

तेवीस तारखेला मुंगी ओंजळीत बाळ घेऊन टेबलापाशी आली. आजोबांना मनापासून आनंद झाला. जन्म म्हणजे त्यांचा हातखंडा. त्यांनी चष्मा पुसून पेन उघडलं. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी आजी खाकरली आणि म्हणाली, तो तेवढा राहू द्या. तोही त्यांनी मोठ्या मनानं राहू दिला. गाडी अडली ती पुढच्या रकान्यात.

“जन्मतारीख?”

“पंचवीस.”

“अगं, आज तेवीस. जन्माआधी जन्माची नोंद कशी करू? झाला की घेऊन ये.”

बाळ टेबलाच्या खणात गेलं. खणावर चिठ्ठी लागली: प्रलंबित.

पंचवीसच्या सकाळी मुंगी नवा फ्रॉक घालून टेबलापाशी हजर. आजोबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

“आज सुट्टी आहे, बाळा,” ते म्हणाले.

उद्या चालेल का, असं तिनं विचारलं. न चालायला काय झालं, ते म्हणाले. फक्त उद्या ती विलंबित नोंद होईल, आणि तिला सुईणीचा दाखला लागेल.

आजी बाहेर आली. “अहो, बुटाचं खोकं आहे ते, तुमचं ऑफिस नाही. ठेवू द्या की पोरीला.”

आजोबांनी शांतपणे समजावलं, की आज एका बाळाला सवलत दिली तर उद्या सगळीच बाळं रांग मोडतील. मुंगीचा चेहरा पडला तेव्हा त्यांच्याही पोटात तुटलं, नाही असं नाही. पण चौतीस वर्षांत पोटात तुटलं म्हणून त्यांनी एकही नोंद केली नव्हती. गव्हाण ओकीबोकी दिसू नये म्हणून त्यांनी तीत सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी ठेवली: बाळाचे प्रकरण विचाराधीन.

अकराला पाहुणे आले आणि गोठ्यावर खूश झाले. एकीनं डिंक कोणता ते विचारलं. मुलाच्या साहेबांनी वही चाळली, असं काम हल्ली होत नाही म्हणाले आणि आखणीचा नमुना मागून घेतला. शेजारच्या काकूंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि अक्षर किती वळणदार, असं म्हणाल्या. आजोबांना धन्य वाटलं. मग फोटोची टूम निघाली. ते गोठ्याशेजारी खुर्चीत बसले, मांडीवर थाप मारून त्यांनी नातीला हाक मारली.

मुंगी दारातून हलली नाही.

“आज सुट्टी आहे, आजोबा.”

सगळे हसले. आजोबाही हसायला गेले. हात मांडीवरून खणाकडे वळला, तेवढ्यात कुणीतरी हलू नका म्हणालं, आणि सरकारी माणूस तो, हलला नाही.

फोटो छान आला. एकीकडे रिकामी गव्हाण, दुसरीकडे रिकामी मांडी, मधे वही. दुपारपर्यंत तो मोबाइलवर दोनशे बारा जणांनी बघितला आणि सगळ्यांनी फोटोखाली अंगठा दिला. बाळ कुठंय, असं एकानंही विचारलं नाही. तुम्हालाही आला असेल तो. बघा बरं, तुमचा अंगठा कितवा आहे.