चार पावसाळे टिकणारी टोपली

सन १९६५ च्या सप्टेंबर महिन्यात, एका सोमवारी सकाळी, कोसारपेठ या गावाने शत्रुराष्ट्राची आर्थिक नाकेबंदी केली. शत्रुराष्ट्र गावापासून किती कोसांवर आहे, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पण नाकेबंदीला अंतर लागत नाही, ठराव लागतो. आणि ठराव लिहिण्यापुरती शाई ग्रामपंचायतीच्या दौतीत होती.

त्या सोमवारपर्यंत उकंडाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो नाल्याकाठच्या आपल्या झोपडीपुढे बसून बांबूच्या टोपल्या विणायचा, मंगळवारी त्या कावडीला बांधून पांढरकवड्याच्या बाजारात न्यायचा आणि संध्याकाळी ज्वारी घेऊन परत यायचा. त्याची टोपली उलटी करून तिच्यावर माणूस उभा राहिला तरी ती कुरकुरत नसे. बाजारात बाया टोपलीचा काठ चाचपूनच ओळखायच्या, "हे उकंडाची हाये." एवढ्यावर तो सुखी होता.

तिकडे ग्रामपंचायतीत वरून एक छापील नमुना आला होता. त्याला चार रकाने होते. पहिल्यात, आपल्या गावातून शत्रुराष्ट्रास जाणारी वस्तू. दुसऱ्यात, ती बंद केल्याचा दिनांक. तिसऱ्यात तात्कालिक परिणाम आणि चौथ्यात दीर्घकालीन परिणाम. ग्रामसेवक यज्ञेश्वरराव यवतमाळच्या कारकुनांच्या घराण्यातले. आजोबा कारकून, वडील हेडक्लार्क. रकाना रिकामा दिसला की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी प्रामाणिकपणे चारही रकान्यांत 'निरंक' लिहून नमुना पाठवला. आठव्या दिवशी तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता : 'निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. काहीतरी बंद करून कळवावे.'

म्हणून सोमवारी सभा बसली. सरपंच बाबाराव गादीवर, शेजारी दुकानदार नागोराव, मग बाकीचे सभासद. उकंडा दाराशी उभा होता. त्याला सभेचं आमंत्रण नव्हतं. बाबारावांच्या बैलबंडीला नवे तट्टे हवे होते, त्यांचं माप घ्यायला तो आला होता. बंडीत कापूस भरला की तो वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंनी बांबूचे विणलेले तट्टे उभे करतात. तेही उकंडाच विणायचा.

"कापूस लिहू?" यज्ञेश्वररावांनी टाक उचलून विचारलं.

चाळीस एकरांत कापूस असलेले बाबाराव दचकले. "काय बोलून राह्यले साहेब! कापूस म्हणजे देशाची दौलत. दौलतच बंद केली तं देश लढंल कायच्या जोरावर?"

हे देशप्रेम इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

"मग तंबाखू?"

"आपले जवान काय खातीन मंग, फुटाणे?" नागोराव म्हणाले. गावात तंबाखूचं दुकान त्यांचं एकट्याचंच होतं.

हेही नोंदवलं गेलं. त्यानंतर ज्वारी निघाली, तूर निघाली, तूप निघालं, आणि प्रत्येक वस्तूमागे एकेक सभासद बसलेला निघाला. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत दाराशी आल्या.

"काय रे उकंडा," बाबाराव म्हणाले, "तुह्या टोपल्या कुठं जातेत?"

"बाजारात जातेत जी. पांढरकवड्याले."

"अन् तिथून?"

"जिनिंगच्या कारखान्यात. बाया कापूस उचलतेत त्याच्यात."

यज्ञेश्वररावांचा टाक कागदावर धावू लागला. टोपलीत कापूस, कापसाची गाठ, गाठीचं सूत, सुताचं कापड. कापड कुठंही जाऊ शकतं. म्हणजे ते शत्रूच्या अंगावरही जाऊ शकतं. म्हणजे शत्रूचा शिपाई अंगात सदरा घालून आपल्यावर चालून येतो, त्याच्या मुळाशी उकंडाची टोपली आहे.

सभासदांनी माना डोलावल्या. उकंडानंही डोलावली. डोकं खाजवत त्यानं विचारलं, "मंग साहेब, कापूसच काहून नाई बंद करत?"

"तू सभासद आहेस का?"

"नाई जी."

"मग हा प्रश्न सभेत विचारला गेलेला नाही," यज्ञेश्वरराव शांतपणे म्हणाले.

ठराव एकमतानं मंजूर झाला. बांबूची कोणतीही विणलेली वस्तू गावाबाहेर जाऊ नये म्हणून नाल्याच्या वाटेवर आडवा बांबू टाकून नाका उभारण्यात आला. बांबू उकंडाच्या झोपडीतून श्रमदान म्हणून आणला. पहाऱ्यावर कोतवाल डोमाजीला बसवलं. बसायला त्याला एक टोपली उलटी करून दिली.

मंगळवारी उकंडा कावड घेऊन नाक्यावर आला.

"मांगं फिर, भाऊ," डोमाजी म्हणाला.

"अरे, तुह्या पोरीचा पाळणा म्या विणला डोमाजी."

"म्हणून तं गोडीनं सांगून राह्यलो."

उकंडा मागे फिरला. त्या रात्री घरात ज्वारी नव्हती. त्याची बायको कांताबाई रिकामं मडकं पालथं घालून निजली. लढाई आहे, चार दिवस कळ काढावी, असं तिनंही धरलं. आणि झालंही तसंच. नाक्याच्या बांबूला दिलेला लाल रंग वाळायच्या आत लढाई थांबली. एसटीच्या कंडक्टरनं ती बातमी आणली तसा उकंडा धावतच पंचायतीत गेला.

"साहेब, लढाई सरली."

"लढाई सरली," यज्ञेश्वररावांनी मान्य केलं. "निर्बंध सरले नाहीत. 'सुरू करा' असं वरून आलं होतं, 'थांबवा' असं आलेलं नाही. आणि हा चौथा रकाना बघ. दीर्घकालीन परिणाम. निर्बंध आजच उठवले तर दीर्घकाल येणार कुठून?"

उकंडा वाकून चौथ्या रकान्याकडे पाहू लागला.

"बरं झालं तू आलास," यज्ञेश्वरराव पुढे म्हणाले. "तज्ज्ञाचा जबाब हवाच होता. शत्रूकडे तुझ्या जुन्या टोपल्या असणार. त्या मोडल्या की त्याचा कणा मोडला. तेव्हा सांग, तुझी टोपली किती टिकते?"

जन्मात पहिल्यांदाच कोणी साहेब उकंडाला त्याच्या कामाबद्दल विचारत होता, आणि तेही टाक हातात घेऊन. उकंडाची छाती फुगली. लोक उगाच म्हणतात की टोपली दोन पावसाळ्यांत जाते. तसल्या टोपल्या दुसऱ्यांच्या!

"शेणानं सारवली तं तीन पावसाळे, साहेब," तो म्हणाला. "अन् बाई निगुतीची असंल तं चवथाही निघते."

'निर्बंधांची मुदत : चार वर्षे,' यज्ञेश्वररावांनी लिहिलं आणि खाली उकंडाचा अंगठा घेतला.

घरी आल्यावर त्यानं हे कांताबाईला अभिमानानं सांगितलं. ती चुलीपुढून उठली.

"अवो, सहा महिने म्हणाले असते तं जीभ झडली असती का तुमची?"

"खोटं कसं सांगू? माही टोपली हाये ते!"

"मंग खा आता टोपलीच," कांताबाई म्हणाली.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि बाबारावांची बंडी तट्टे लावून नाक्यावर आली. डोमाजी नियमाचा पक्का. त्यानं बंडी अडवली. गावात खळबळ उडाली. तातडीची सभा होऊन असं ठरलं की तट्टे बाहेर जातात ते परत येण्यासाठी, सबब ती तात्पुरती निर्यात आहे. डोमाजीनं जाताना मोजावेत आणि येताना मोजावेत. पहिल्याच खेपेला चार गेले आणि तीन आले. चौथा जिनिंगच्या आवारात बैलानं तुडवला होता. यज्ञेश्वररावांनी चौकशी लावली. एक तट्टा आता शत्रूच्या हाती पडू शकतो, या कल्पनेनं त्यांना झोप येईना. बाबारावांना माफीचा कागद लिहून द्यावा लागला. ते इतके चिडले की त्यांनी पांढरकवड्याहून गोणपाटाचा मोठा पाल आणला आणि तट्ट्यांच्या जागी बांधला. तो हलका होता, घडी होत होता, आणि त्याला कोणी मोजत नव्हतं. महिन्याभरात गावातल्या सगळ्या बंड्यांना पाल लागले.

जिनिंगमधल्या बायांनीही काही दिवस उकंडाची वाट पाहिली आणि मग पत्र्याची घमेली घेतली.

उकंडा विणतच होता, कारण हात थांबत नव्हते. टोपल्या बाहेर जाईनात म्हणून गावातच साचल्या. गावानं त्या प्रेमानं घेतल्या, देशासाठी असल्यामुळे फुकट घेतल्या. कोंबड्यांना टोपली, गोवऱ्यांना टोपली, शाळेत घंटा झाकायला टोपली. गावातल्या पंचफुलाबाईनं तर टोपल्या ठेवायला म्हणून एक वेगळी मोठी टोपली मागून नेली. शेवटी घेणारं कोणी उरलं नाही, तेव्हा उकंडा आणि कांताबाई सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले.

दुसरं वर्ष संपता संपता कांताबाईनं पुन्हा विषय काढला. "जा अन् सांगा, चुकलो म्हणा. सहाच महिने टिकते म्हणा. हात पाहा तुमचे. अजून दोन वर्षं गिट्टी फोडली तं बांबूची काडी धरता नाई येणार."

उकंडानं हात पाहिले आणि गेला. वाटभर तो पाठ करत होता : सहा महिने, सहा महिने.

"साहेब, त्या जबाबात चूक झालती. माही टोपली सहाच महिने टिकते."

यज्ञेश्वररावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली हात घालून त्यांनी रद्दीची टोपली बाहेर ओढली. "ही कोणाची?"

उकंडा खाली बसला. टोपलीत फाडलेले कागद होते. त्यानं ते बाजूला केले, काठावरून बोट फिरवलं, बूड अंगठ्यानं दाबून पाहिलं. एक काडी सुटली नव्हती. सहा वर्षांपूर्वीची टोपली.

त्याच्या मनात सहा महिने आले, ज्वारी आली, चुलीपुढची कांताबाई आली. तोंडातून निघालं ते असं : "माहीच हाये जी. काठ पाहा ना कसा बसवलाय!"

"तेच म्हणतो मी," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी नव्या जबाबासाठी काढलेला कागद फाडून त्याच टोपलीत टाकला.

१९६९ साली चौथा पावसाळा सरला. आता शेवटचा अहवाल जायचा होता. यज्ञेश्वरराव चौथ्या रकान्यापुढे तीन दिवस बसून राहिले. शत्रुराष्ट्राचं काय झालं हे त्यांना कुठून कळणार? पण परिणाम शोधायला ते गावात हिंडले आणि त्यांना ते जागोजागी सापडले. प्रामाणिक माणूस, जे दिसलं तेच लिहिलं : 'टोपली व तट्टे विणण्याचा धंदा पूर्णपणे बसला आहे. जनता पत्रा व गोणपाट यांच्या आहारी गेली आहे. कुशल कारागीर खडी फोडतो. त्याच्या बोटांस बाक येऊन काडी धरता येत नाही. घरात एक वेळची चूल पेटते. नवी पिढी ही विद्या शिकत नाही.'

हे परिणाम कोणत्या देशातले, असा रकाना नमुन्यात नव्हता. म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही.

वरून ताबडतोब अभिनंदनाचं पत्र आलं. शत्रूची इतकी तपशीलवार हलाखी दुसऱ्या कोणत्याही गावानं कळवली नव्हती. कोसारपेठेला पहिल्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्रक मिळालं. समारंभ झाला, बाबारावांनी भाषण केलं, नाक्याचा बांबू वाजतगाजत काढला आणि निर्बंध उठवले. डोमाजीनं बसायची टोपली घरी नेली. ती अजून चांगली होती.

मंगळवारी उकंडानं कावड खांद्यावर घेतली. वाकड्या बोटांनी रात्रंदिवस खपून त्यानं पाच टोपल्या विणल्या होत्या. बाजारात जिनिंगमधली मोतीबाई थांबली. तिनं काठ चाचपला आणि ओळखला.

"उकंडाभाऊ! जित्ते हाये का तुम्ही? किती दिस टिकते हे आता?"

"चार पावसाळे," उकंडा म्हणाला.

"घमेलं दहा टिकते, बापा," ती हळूच म्हणाली. आणि तिनं टोपली जपून खाली ठेवली.

परत येताना तो पंचायतीत डोकावला. "साहेब, रद्दीले एखादी?"

"तुझी आहे की," यज्ञेश्वरराव म्हणाले. "काही झालेलं नाही तिला."

दुसऱ्या दिवशी उकंडा खडी फोडायला गेला आणि नंतर बाजाराच्या वाटेला दिसला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण ज्या गावानं एकदा चांगला अहवाल दिला, त्याला दुसरा नमुना येतोच. पुढच्या लढाईची पूर्वतयारी म्हणून कोणती वस्तू बंद करता येईल, ते आधीच कळवायचं होतं. सभा बसली. कापूस निघाला, बाबाराव दचकले. तंबाखू निघाली, नागोरावांना जवान आठवले. मग ज्वारी, तूर, तूप. शेवटी सवयीनं सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत दाराकडे वळल्या.

उकंडा तिथे नव्हता. पण दार अगदीच रिकामं नव्हतं. सभा सुरू झाल्यापासून कोणीतरी चौकटीला टेकून, आतली गंमत पाहत, मघापासून हसत उभं होतं.

यज्ञेश्वररावांनी टाक शाईत बुडवला आणि चष्मा सारखा करून थेट तुमच्याकडे, ही गोष्ट वाचणाऱ्याकडे पाहिलं.

"आत नका येऊ, तिथेच थांबा," ते अदबीनं म्हणाले. "फक्त एवढं सांगा, आपण काय करता? आणि ते किती टिकतं?"