रंगनाथमामांचे ग्रीक

शहागंजातल्या रंगनाथमामांच्या भांड्यांच्या दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दोन नागडे, दाढीवाले ग्रीक उभे आहेत. फोटोत, अर्थात. बायाबापड्यांनी नाकं मुरडली तेव्हा मामांनी दोघांना सोनेरी कागदाच्या लुंग्या चिकटवल्या, पण भिंतीवरून उतरवलं नाही.

हे इटलीजवळ समुद्रात सापडलेले ब्राँझचे पुतळे. मामांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही, पण माहिती सख्ख्या भाच्यांची द्यावी तशी देतात. "व्होठ तांब्याचे, दात चांदीचे. ह्याला म्हन्तेत हुनर." ओतकाम यांच्या आजोबांनीच केलं असावं, अशी छाती फुगते. जमिनीवरचे असले बहुतेक पुतळे लोकांनी वितळवून टाकले; समुद्रात गेले तेवढे राहिले. हे कळल्यापासून मामांचं एकच पालुपद, "बुडालं ते वाचलं." माझ्या पुतण्याचं कॉलेजचं वर्ष बुडालं, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

दुकानामागे त्यांचा हौद आहे. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी, आणि हा हौद सदा भरलेला. त्यातलं तांब्याभरही ते कुणाला देत नाहीत. गल्ली त्यांना कंजूष म्हणते. मीही म्हणायचो.

फ्लॅटमध्ये जाताना मी आईची पितळी कळशी त्यांच्याकडे मोडीत दिली. वर्षभराने बहीण चितेगावहून आली आणि तिने आधी कळशीच विचारली. खरं सांगितल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी तोंड पाडून मी मामांकडे गेलो.

मामांनी बाही सारली, हौदात खांद्यापर्यंत हात घातला आणि एकेक भांडं काढून त्यावर कोरलेलं नाव वाचू लागले. पाचवी आमची निघाली. 'सौ. गोदावरी'. हिरवी पडली होती, पण अख्खी होती. मला माझीच लाज वाटली.

नाव घातलेलं भांडं आपण भट्टीला देत नाही, म्हणाले. पण पाण्यात कशाला, हिरवी पडतात ना, मी विचारलं.

"हिरवं पडलं तर चिंच हाय. वितळल्यावर काय लावनार?"

मग एक फुलपात्र वर आलं. त्यावरचं नाव त्यांनी वाचलं नाही, अंगठ्याने नुसतं पुसलं. मी वाचलं, 'चंद्रकला'. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. पोरबाळ नाही.

"बाकीच्यांना कोनी ना कोनी न्यायला येतंय," मामा म्हणाले. "माज्यामागं हे दुकानच मोडीत निघंल. तवा हिला तेवढं तुमी न्या."

मी हो म्हणालो. असा माणूस आपल्या शहरात आहे याचा मला फार अभिमान वाटला. मामांनी फुलपात्र अलगद पाण्यात सोडलं आणि ते तळाला टेकेपर्यंत वाकून पाहत राहिले.