शेवंतगडाचा ताबा

पारंपरिक वेशात येणाऱ्या शाळकरी मुलांना शेवंतगडावर प्रवेश मोफत आहे, आणि मोफत आत आलेल्याने गड जिंकला असे धरले जाते.

यात वावगे काही नाही. तिकिटाची खिडकी अलीकडची. त्यापूर्वी बाहेरून जो कोणी आत आला तो गड जिंकूनच आला. पुरातत्त्व खात्याने तिकीट काढणाऱ्याला पाहुणा ठरवले आणि न काढणाऱ्याच्या बाबतीत जुनी पद्धत तशीच चालू ठेवली. सहलींच्या दिवसांत गड रोज दोन-तीनदा पडतो. सकाळी एखादे कन्या विद्यालय तो घेते, डबे खाऊन होईपर्यंत सांभाळते, आणि मग मागून आलेल्या इंग्रजी माध्यमाच्या हवाली करून बसमध्ये गाणी म्हणत निघून जाते. जिंकलेल्या शाळेने एक विद्यार्थी किल्लेदार नेमायचा आणि पुढची शाळा येईपर्यंत त्याने गड सोडायचा नाही, एवढीच अट. महादरवाजाशी काळा फळा आहे. त्यावर पहारेकरी पायगुडे किल्लेदाराचे नाव खडूने लिहितात आणि नवी शाळा आली की सदऱ्याच्या बाहीने पुसतात.

सवलतीच्या पाटीवर सर्वांत खाली 'सवलत किल्लेदाराच्या मर्जीने' असेही लिहिलेले आहे. पण घटकाभराच्या किल्लेदाराला मर्जी कुठली? पायगुडे दर वेळी रीतसर विचारतात आणि किल्लेदार डब्यातली पोळी चावत मान हलवतो.

मी पिसाळ, करंजवाडीच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमचे मुख्याध्यापक काळोखे सर काटकसरी गृहस्थ आहेत. सहलींचे दिवस सरत आले की ड्रेपरीवाला फेटे, धोतरे, नऊवाऱ्या निम्म्या भाड्यात देतो, हे त्यांनी कुठूनसे शोधून काढले. म्हणून आमची सहल फेब्रुवारीच्या अगदी शेवटच्या दिवशी निघाली. आम्ही अकराच्या सुमारास गड जिंकला. आधीच्या शाळेच्या किल्लेदाराने सुटलो बुवा म्हणत किल्ली दिली आणि तो पळत सुटला.

आता किल्लेदार नेमायचा. भाड्याच्या कपड्यातला किल्लेदार चालत नाही, कारण संध्याकाळी कपडे परत जातात आणि मागे उरतो तो नुसता मुलगा. आमच्या सबंध फौजेत स्वतःच्या घरचे कपडे घातलेली एकच निघाली, पाचवीतली रेणुका ढेबे. तिचे आईवडील कामासाठी पुण्यात असतात आणि ती आजीजवळ राहते. आजीच्या दोन लुगड्यांपैकी एक निम्मे दुमडून, कासोटा घालून ती आली होती. फळ्यावर तिचे नाव चढले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही बुरूज पाहिले, टाके पाहिले, आणि पुढच्या शाळेची वाट पाहत बसलो.

चार वाजले तरी कोणी येईना, तेव्हा मी पायगुड्यांना विचारले.

"पुढची शाळा आता डिसेंबरात, सर," ते म्हणाले. "सहली आज संपल्या."

"मग या मुलीचं काय?"

"गड सांभाळायचा. सोपं काम आहे. मे महिन्यात पाण्याचे जरा हाल होतात."

रेणुका शेजारीच उभी होती आणि तिने सगळे ऐकले होते.

"गड परत दिला तर?" मी विचारले.

"कोणाला देणार? घ्यायला कुणीतरी पाहिजे ना."

तेवढ्यात खिडकीशी एक जोडपे आले. नवऱ्याने दोन तिकिटे काढली. बायकोच्या कडेवर तान्हे मूल होते. काळोखे सरांचे डोळे चमकले.

"पायगुडे, ते बाळ बिनतिकिटी आहे. आणि त्याच्या डोक्याला कुंची आहे. पारंपरिक."

पायगुड्यांनी बाळाकडे नीट निरखून पाहिले. ते कधी कुणाचे म्हणणे उडवून लावत नाहीत.

"कुंची मान्य," ते म्हणाले. "पण ते शाळेत नाही."

बाळ पाहुणा म्हणून आत गेले. काळोखे सरांनी घड्याळ पाहिले. कपडे वेळेत परत केले नाहीत तर भाडे पुरते बसले असते. "पिसाळ, तुम्ही थांबा," ते म्हणाले. "शाळेचं नाव होतंय, हेही काही कमी नाही." बस निघाली. रेणुका ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मग रडली. आपण इथे राहिलो तर आजीला दुपारी धुळाक्षरांना कोण बसवणार, हे ती परत परत विचारत होती.

इथे आजीविषयी सांगायला हवे. ठकुबाई ढेबे साठी उलटलेली बाई. शनिवारी आमच्या शाळेत प्रौढांचा साक्षरता वर्ग भरतो, तो मीच घेतो आणि ठकुबाई पहिल्या बाकावर बसते. अक्षरे तिने भराभर उचलली, पण स्वतःचे नाव लिहायला ती काही केल्या तयार नव्हती. "नाव घालतात ते आपल्या वस्तूवर," ती म्हणायची. "माझी वस्तू कंची? कशावर लिवू?"

ती रात्र रेणुका पायगुड्यांच्या बायकोजवळ दरवाजातल्या देवडीत झोपली. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ठकुबाई गडाखाली उतरली. अंगावर उरलेले दुसरे लुगडे, हातात भाकरीचे फडके.

"मास्तर, माझी पोर कुठं हाय?"

मी वर बोट दाखवले. ती तडक निघाली तशी पायगुडे खिडकीतून म्हणाले, "आजी, तिकीट."

मी ठकुबाईकडे पाहिले, तिच्या लुगड्याकडे पाहिले.

"पायगुडे, ही माझी विद्यार्थिनी आहे."

"शाळेत जाते?"

"दर शनिवारी. एक खाडा नाही."

"वेश पारंपरिक आहे," पायगुडे स्वतःशीच म्हणाले. "फौजेच्या संख्येची अट नाही." ते बाहेर आले आणि त्यांनी वर हाक दिली. "किल्लेदार, सवलत द्यायची का?"

रेणुकाने तटावरून आजीला पाहिले आणि जोरजोरात मान हलवली. ठकुबाई आत गेली आणि गड पडला.

पुढे काय होणार ते रेणुकाला ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते. जिंकलेल्या फौजेने किल्लेदार नेमायचा, आणि ठकुबाईच्या फौजेत ठकुबाईच होती. लुगडे तिचे स्वतःचे. पायगुड्यांनी तिला हे सारे समजावून सांगितले. मध्येच तिला बसायला ओटाही दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजी ह्यो गड आता माझा?"

"डिसेंबरपर्यंत तरी."

"बरं," ती म्हणाली, आणि रेणुकाच्या हातात भाकरी दिली. "तू जा बाय. शेरडांस्नी पाणी दाव. चुलतीला म्हनावं, आजी गडावर हाय."

गाव दिसू लागल्यावर रेणुका म्हणाली, "मी डिसेंबरात गड परत घेणार."

ती चुलत्याकडे जेवू लागली. सुटीत आजीला भेटून ये म्हटले तर ऐकेना. तिकीट काढून पाहुणी म्हणून आपल्याच आजीकडे जायचे नाही, असा तिचा हट्ट होता. मी मात्र दर शनिवारी शाळेतला वर्ग आटोपून गडावर जाऊन ठकुबाईचा वर्ग घेत होतो. हजेरी मोडली असती तर ती विद्यार्थिनी उरली नसती आणि गड मुळात जिंकला कोणी, हा प्रश्न निघाला असता. उन्हाळ्यात तिने गाळ काढून टाके साफ केले. पावसाळ्यात तटाला दूधभोपळ्याचे वेल चढवले. पायगुडे तिला विचारल्याशिवाय दरवाजा लावीनासे झाले. ते नोकरीला लागल्यापासून कुणी किल्लेदार असा मनापासून राहिलाच नव्हता.

डिसेंबर उजाडला. काळोखे सरांनी या वेळी ड्रेपरीवाल्याला पुरते भाडे मोजले आणि पहिल्याच दिवशी पहिल्या क्रमांकाने आम्ही पोचलो. पुढे रेणुका, आजीचेच लुगडे, आता थोडे कमी दुमडलेले. मागे फेटे सावरत सगळी शाळा.

पायगुड्यांनी वर पाहून हाक दिली. "किल्लेदार, सवलत द्यायची का?"

ठकुबाई तटावर आली. तिने आम्हा सगळ्यांना पाहिले, रेणुकाला जास्त वेळ.

"नाय."

पायगुडे पाटीजवळ गेले आणि त्यांनी शेवटची ओळ एकदा वाचून खात्री करून घेतली. "मर्जी नाही," ते आम्हाला म्हणाले.

"आजी, अहो, तुम्हाला सोडवायला आलोय," काळोखे सर ओरडले.

"कुनापास्नं?" ठकुबाईने विचारले.

रेणुका पुढे झाली. "आजी, घरी नाही यायचं?"

"बाय माझी," ठकुबाई म्हणाली, "घर तुझ्या आज्याच्या नावावर व्हतं, मग तुझ्या बापाच्या. ह्ये मी घेतलंय. तू तिकीट काढून ये. पिठलं केलंय, समद्यांस्नी पुरंल."

नऊ महिने रेणुकाने या दिवसाची वाट पाहिली होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. मग तिने पदराने डोळे पुसले, खिडकीशी गेली आणि म्हणाली, "एक अर्धं तिकीट द्या."

तिच्यामागे आम्ही रांग लावली. काळोखे सरांनी पाकीट काढले आणि नऊवाऱ्यांच्या भाड्याविषयी ते पुटपुटत राहिले.

महादरवाजातून आत जाताना रेणुका फळ्यापाशी थांबली. 'किल्लेदार' या शब्दापुढे 'ठकुबाई ढेबे' असे लिहिलेले होते. अक्षर पायगुड्यांचे नव्हते. उकार जरा मोठा आला होता आणि शेवटचे अक्षर जागा न पुरल्याने चौकटीवर गेले होते. रेणुकाने त्यावरून बोट फिरवून पाहिले.

काही पुसले गेले नाही. ते ऑइलपेंटने लिहिलेले होते.