भिवाजी कंडक्टरांची डबल बेल

भिवाजी कंडक्टर पायी निघाले तरी प्रत्येक एसटी थांब्यावर थांबत. डावीउजवीकडे पाहत, हवेतली अदृश्य दोरी दोनदा ओढत, ‘टिंग-टिंग’ म्हणत आणि मगच पुढचे पाऊल टाकत. दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्याला ‘आत जागा आहे, पुढे सरका’ असे बजावत; घरात खाट मात्र एकच होती. निवृत्तीनंतर त्यांचे डोके फिरले, असे जव्हार म्हणते. जव्हार पुष्कळ काही म्हणते.

शतक पालटले त्या सुमारास, नवऱ्याची मारहाण सोसून घर सोडणाऱ्या बायकांच्या निवाऱ्यासाठी मोखाडा ते जव्हार अशी दौड निघाली. तिला मॅरेथॉन म्हणणे हा आयोजकांचा उत्साह होता. निवाऱ्याच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हते. लोखंडसामानाचे व्यापारी कासमशेठ म्हणाले, “भिवाजी, धावत आलात तर सगळे पत्रे माझे. चाललात, तर एकही नाही.”

म्हातारा दम लागून शेवटी चालतच आला, अशी कथा नाना हॉटेलवाले अजून चहाबरोबर फुकट देतात. नाना त्या दिवशी गल्ल्यावरून हललेही नव्हते. मी सायकलला पाण्याची कळशी बांधून मोखाड्यापासून भिवाजींच्या मागे होतो.

“आज तरी थांबे सोडा हो!” मी ओरडलो.

“थांबा सोडता येत नाही, मास्तर.”

एका फाट्यावर ते फारच रेंगाळले. “कोणी नाही इथे!” मी म्हणालो.

“हात दाखवीपर्यंत कोणीच नसतं.”

तेवढ्यात ऐनाच्या झाडाआडून एक बाई पुढे आली. डोळा सुजलेला, काखेत गाठोडे. आम्हाला पाहून तिने हात अर्धाच वर केला.

“जव्हाराला जायाचां हाय. तिकिटाला काय नाय.”

“आज तिकीट नाही, बाई. चला, पुढे सरका.”

गाठोडे माझ्या कॅरियरवर आले. तिच्या पायाला लागले होते, म्हणून भिवाजी तिच्या चालीने चालू लागले. मी कानाशी लागलो, “पत्रे जातील!”

“छप्पर मागाहून घालता येतं, मास्तर.”

जव्हारात शर्यतीचा फलक उतरवणे चालले होते. लोक हसले. भिवाजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. बाईला निवाऱ्यात पोचवून ते कासमशेठपुढे उभे राहिले. “चाललो,” एवढेच बोलले. कारण सांगितले असते, तर संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी पोचले असते.

शेठना मी बाजूला घेतले. सकाळी पत्रे हजर. म्हाताऱ्याच्या पायांची दया आली, असे शेठ सांगतात. ते वाक्य मीच त्यांना सुचवलेले आहे. ती बाई आज निवाऱ्याचे स्वयंपाकघर सांभाळते, आणि तिला विचारूनच मी हे लिहीत आहे. नानांनी आता तरी वाचावे.

एक गोष्ट मात्र मलाही ठाऊक नव्हती. पुढे कधीतरी मी भिवाजींना विचारले, त्याच फाट्यावर इतके का रेंगाळलात?

त्यांचा हात हवेतल्या दोरीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“त्याच फाट्याच्या गावात ताईला दिली होती. एकदा थांब्यावर एका बाईनं हात दाखवला. तोंडावर पदर. गाडी खच्चून भरलेली. मी डबल बेल दिली.”

“मग?”

“ती परत घरी गेली, मास्तर. दुसऱ्या दिवशी मला ताई गेल्याचा सांगावा आला, तेव्हा कळलं कोण होती ती.”